पदवीची परीक्षा आली. अभ्यासासोबत हॉल तिकीटही तपासा

सेमिस्टर परीक्षा तोंडावर आली की पोरं पुस्तकं काढतात. पण हॉल तिकिटातली एक चूक सगळी मेहनत वाया घालवू शकते. ते हातात येताच नाव, विषयाचा कोड, केंद्र आणि वेळ बघावी. एटीकेटीचा विषय त्यात आहे ना, हेही तपासावं. चूक असेल तर त्याच दिवशी कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज द्यावा.

अभ्यासाला मागच्या ३-४ वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात. वारंवार येणारे प्रश्न आधी, घड्याळ लावून लिहून काढावेत. दिवसा शेतात काम असेल तर पहाटेचे दोन तास राखून ठेवावेत.

केंद्र तालुक्याला असेल तर ऐनवेळच्या एसटीवर विसंबू नये, एक गाडी आधीची धरावी. गाडी चुकली तर पेपर जातो, अन् विषय पुढच्या परीक्षेपर्यंत लटकतो.