शुगर, बीपी आणि तिसरा आरोपी

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावात शुगरच्या पेशंटची कॅरीबॅग उघडली की उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि फार तर क्रिएटिनिन, एवढे कागद निघतात. लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट क्वचितच दिसतो. किडनीची पहिली कुरबुर नेमकी तिथे कळते, हे 1982 सालीच लंडनच्या व्हिबर्टींनी दाखवून दिलं होतं. क्रिएटिनिन हलतं तोवर बराच उशीर झालेला असतो. मग आहेच परभणी नाहीतर अंबाजोगाईची वारी.

मधुमेहात किडनीच्या गाळण्यांमध्ये गाठी होतात, हे किमेलस्टील आणि विल्सन यांनी 1936 साली नोंदवलं. पुढची पन्नासेक वर्षं आरोपी दोनच होते, साखर आणि दाब. तो संशय खोटा नव्हता. 1993 साली कॅप्टोप्रिलने आणि 2001 साली लोसार्टान व इर्बेसार्टानने, म्हणजे बीपीच्याच औषधांनी, किडनीची घसरण मंदावते, हे सिद्ध झालं. मंदावते, थांबत नाही. साखर आणि बीपी दोन्ही बऱ्यापैकी ताब्यात असलेल्यांचीही किडनी का जाते, हा प्रश्न उरलाच.

तिसरा आरोपी दाह. 1991 साली जपानी संशोधकांनी मधुमेही उंदरांच्या किडनीच्या संदर्भात टीएनएफ आणि इंटरल्युकिन-1 या दाहक रेणूंकडे बोट दाखवलं. चित्र हळूहळू जुळत गेलं. साखरेने आणि गळून आलेल्या प्रथिनांनी त्रासलेल्या नलिकेच्या पेशी रासायनिक सांगावा धाडतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे येऊन ठाण मांडतात, आणि त्यांच्या धुमश्चक्रीत किडनीचा मऊ भाग निबर होत जातो. ना ताप, ना दुखणं.

या कथेत महाराष्ट्रही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांनी 1999 साली एक छोटा पण बोलका निष्कर्ष मांडला. शहरी भारतीयांच्या रक्तात दाहक रेणू जास्त, खेड्यातल्यांच्या कमी. तो अभ्यास किडनीचा नव्हता, मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्याचा होता. तरी मराठवाड्यातल्या वाचकाने तो लक्षात ठेवावा, कारण खेडं आता पूर्वीचं खेडं राहिलेलं नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रात मधुमेहाचं प्रमाण साडेसहा टक्के निघालं होतं.

2012 साल गमतीचं. बोस्टनच्या जॉस्लिन केंद्राने दाखवलं की रक्तातल्या टीएनएफच्या ग्राहींवरून (रिसेप्टर) कुणाची किडनी लवकर जाईल याचा अंदाज बांधता येतो. त्याच वर्षी बार्डोक्सोलोन या दाहविरोधी औषधाची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण हृदय निकामी होण्याचे प्रकार वाढले होते. आरोपी सापडला, पण थेट त्याच्यावर हात टाकणं अंगलट आलं. यश आलं ते आडवाटेने. मुळात साखरेसाठी आणलेल्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांनी किडनी वाचते, हे 2019 साली पक्कं झालं. पुढच्याच वर्षी फिनेरेनोन या औषधाचाही तसाच निकाल आला. दोन्हींच्या गुणात दाह शमवण्याचा वाटा असावा, असं मानतात. तो वाटा किती, यावर मतं वेगळी आहेत. पेशंटला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नाही. त्याच्यासाठी मोठी बातमी म्हणजे डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं मूळ पेटंट 2020 साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये संपलं, आणि गोळ्या आवाक्यात आल्या.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. किडनीत दाह आहे म्हटलं की सुजेची गोळी घ्यावी, असं कुणालाही वाटेल. डायक्लोफेनॅकसारखी गोळी हा या दाहावर इलाज नाही. उलट किडनीच्या गाळणीकडे रक्त नेणारी बारीक वाहिनी उघडी ठेवणारे रेणूच ती रोखते. गुडघे धरलेत म्हणून चिठ्ठीशिवाय रोज घेतली जाते ती हीच. मे महिन्याच्या उन्हात, अंगातलं पाणी आटलेलं असताना, बीपीची आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असताना वर ही पडली, तर चार-आठ दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट झालेलं दिसू शकतं.