हिसके देणारी गाडी आणि मिसफायर

ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल गाडी हिसके देऊ लागते, तेव्हा पहिला संशय पेट्रोलमधल्या भेसळीवर जातो. तो कधी खराही ठरतो. पण बरेचदा कारण असते ‘मिसफायर’ (सिलिंडरमधले मिश्रण नीट न पेटणे). चौघांच्या खांद्यावरच्या पालखीत एकाचा पाय चुकला की पालखी हिंदकळते, तसेच हे. इंजिन नुसते चालू असताना दोष लपून राहतो. वेग घेताना सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते आणि झिजलेला स्पार्क प्लग किंवा कमकुवत इग्निशन कॉइल (व्होल्टेज वाढवणारा भाग) तिथेच उघडे पडतात.

स्कॅनरवर (गाडीचे दोष-कोड वाचणारे यंत्र) ‘पी०३०१’ हा कोड दिसला, तर पहिला सिलिंडर चुकतो आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन थंड असताना पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून पाहावी. कोड ‘पी०३०३’ झाला, तर दोष कॉइलमध्येच. तसाच राहिला, तर प्लग आणि मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) तपासावा. या तपासणीला नवा भाग लागत नाही, म्हणून मेकॅनिककडे तिचा आग्रह धराच.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन पेटते आणि तो महागडा भाग निकामी होऊ शकतो.