शेतावरचे वर्कशॉप : कैच्या चढविण्यापूर्वी



या पानावर आपण माझ्याकडून लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असे विषय वाचत आला आहात. या खेपेस विटा-सिमेंटचा विषय काढला आहे. मी कृषी पदविकाधारक, बांधकामाचा माणूस नव्हे. पण गटात फिरताना जागोजागी दिसते की, ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली, की मागोमाग शेतावर पत्र्याची शेड येते. कुणी तिच्यात खत ठेवतो, कुणी वेल्डिंगचे मशीन मांडून स्वतःच दुरुस्ती करतो. ही शेड बहुधा कुणाच्या नकाशाशिवाय, मिस्तरीच्या अंदाजाने आणि मालकाच्या घाईने उभी राहते. तशीच एक शेड सध्या विष्णुपुरीच्या शिवारात आमच्या थोरल्या बंधूंच्या रानात चालू आहे. तिच्या भिंतीवरून आमच्या घरात महिनाभर जी वादावादी झाली, ती सभासदांच्या कानावर घालावी असे वाटले.

पुतण्याने आयटीआय केले आहे. गाळप सुरू होण्यापूर्वी ट्रॉल्यांचे हूक, बैलगाड्यांचे आस, नांगराचे फाळ यांची कामे गावात भरपूर असतात, म्हणून त्याने बँकेचे कर्ज काढून वर्कशॉप बांधायला घेतले. माप ३० फूट बाय २० फूट. नऊ इंची विटांची भिंत, दर १० फुटांवर दोन्ही लांब बाजूंना १८ इंची पिलर, म्हणजे एकूण आठ पिलर. त्यांवर २० फुटी लोखंडी अँगलच्या चार कैच्या आणि वर पत्रे. पायाबद्दल लांबण लावत नाही. आपली गोदाकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला आपल्याबरोबर हलविते, हे आपण सारे जाणता. पुतण्याने मुरूम लागेपर्यंत खोदले होते, म्हणून तेथे मला बोलायला जागा नव्हती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी रानात गेलो तेव्हा भिंत नऊ फुटांवर आली होती. मिस्तरी शेवटचे दोन थर लावत होते. कैच्या वेल्डरकडे तयार होऊन पडल्या होत्या. मी विचारले, “कैची बसवायचे बोल्ट कुठे आहेत?” मिस्तरी म्हणाले, “सायेब, वरच्या थरात गाडून देऊ की. दोन इटात बसवला म्हंजे बोल्ट हालत न्हाई.”

दोन विटांत बसविलेला बोल्ट हलत नाही, ही गोष्ट खरी आहे. बोल्ट हलत नाही, विटांसकट वर जातो. हे मी ऐकून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः उभे राहून गोठा बांधून घेतला होता, तेव्हा बोल्ट असेच वरच्या थरात गाडले आणि वाऱ्याला म्हणून पत्र्यावर दगड ठेवले. एका मे महिन्याच्या संध्याकाळी वावटळ आली, गारा पडल्या आणि दहा मिनिटांत अर्धे छप्पर शेजाऱ्याच्या उसात जाऊन पडले. बोल्ट कैचीला जसेच्या तसे होते, त्यांना दोन दोन विटाही चिकटलेल्या होत्या. वरचे दगड खाली आले, त्यांतल्या एकाने बैलाचा मागचा पाय मोडला. बैल पुन्हा जुवाला लागला नाही. दोष मिस्तरीचा नव्हता, सांगणारा मी होतो.

पत्रा वारा का उचलतो, याचा हिशेब मी त्यानंतर मांडून पाहिला. वारा छपरावरून वेगाने जाताना वरून दाबत नाही, तर बहुतेक ठिकाणी पत्रा वर ओढतो. शिवाय दार उघडे असले की आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वाऱ्याचा वेग तासाला ९० किलोमीटर धरला तर दर चौरस मीटरला सुमारे ३८ किलो जोर होतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला भरतो जेमतेम साडेचार-पाच किलो. पुतण्याच्या छपराचे क्षेत्र ६०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एकूण ओढ झाली दोन टनांच्या वर. आपल्या भाषेत सांगायचे तर उसाची एक भरलेली बैलगाडी छपराला उलटी, आभाळाकडे टांगली आहे असे समजा. हा हिशेब ढोबळ आहे. इंजिनिअर मंडळी छपराचा उतार, आजूबाजूची झाडी पाहून तो कमी-जास्त करतील, पण गाडीची हातगाडी होणार नाही.

मधल्या एका कैचीच्या वाट्याला यातून सातशे किलो येतात, म्हणजे तिच्या प्रत्येक टोकाला साडेतीनशे किलो : साखरेची ५० किलोची सात पोती. पत्रे, पर्लिन आणि कैची यांचे स्वतःचे वजन त्या टोकावर साधारण सव्वाशे किलोपर्यंत भरते. राहिलेले सव्वादोनशे किलो कुणी धरायचे? तर बोल्टने. आणि बोल्टाच्या खालच्या टोकावर जेवढ्या विटा बसल्या आहेत, तेवढेच वजन बोल्ट धरतो. १८ इंची पिलरचा एक थर मालासकट ३५ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे निदान सात थर, दोन फूट खोल, बोल्ट गेला तर कुठे बरोबरी होते. बरोबरीवर कुणी छप्पर ठेवू नये.

हे मी पुतण्याला सिमेंटच्या पोत्यावर खडूने लिहून दाखविले. तो म्हणाला, “काका, पटायलंय. पण मंग आता काय करायचं? भिंत तर झाली.” मी म्हणालो, आठही पिलरच्या डोक्यावरचे आठ-आठ थर उतरवायचे.

दादा तोवर बाजेवर बसून ऐकत होते. ते उठले आणि म्हणाले, “बांधलेलं पाडायलाव? पाऊस तोंडावर यायलाय, बँकेचं व्याज चालू हाय, आन् तू हिशेब घालत बस.” त्यांचे चुकत नव्हते. मृगापूर्वी पत्रे पडले नाहीत तर उघड्या भिंतीवर पाऊस, आणि पेरणीत माणूस मिळणार नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींनी गोठ्यातल्या त्या बैलाची आठवण काढली म्हणतात. त्या काय बोलल्या मला ठाऊक नाही. पण दुपारी दादांचा फोन आला, “उतरव म्हणाव मिस्तरीला.”

मला आणखी एक गोष्ट त्याच वेळी करून घ्यायची होती, ती म्हणजे भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणारा काँक्रीटचा पट्टा. त्यामागे कारण वाऱ्याचे नाही, भूकंपाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना औसा तालुक्यातील किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. काही हजार माणसे झोपेत गेली. पुढे त्याबद्दल जे वाचले, जाणत्यांकडून ऐकले, त्यात एक गोष्ट मनात राहिली. तेथल्या भिंती बारीक नव्हत्या, दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या. पण दगड मातीत बसविलेले, भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगळे, मध्ये भर, आणि दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. माथ्यावर धाब्याची टनावारी माती. धक्का बसताच भिंतीची दोन अंगे फाकली. काही घरांत लाकडी खणाचे खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या व भोवतीच्या भिंती तेवढ्या ढासळल्या. आपल्या वाडवडिलांच्या खणाच्या घरात छप्पर खांबांवर असे, भिंत हा नुसता आडोसा. सांगाडा एकमेकांत कुसू घालून बांधलेला होता, भिंत कशालाच बांधलेली नव्हती.

आपला नांदेड भाग किल्लारीपासून लांब आहे असे कुणी म्हणेल. पण २०२४ च्या मार्चमध्ये व पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यातून आलेले धक्के आपल्याकडेही जाणवले, हे आपणास आठवत असेल. मार्चच्या धक्क्यानंतर पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, असे आवाहन प्रशासनाला करावे लागले होते. दगड वाऱ्यालाही पुरत नाही आणि धक्का बसला तर पहिला तोच डोक्यात येतो.

तेव्हा पुतण्याच्या भिंतीवर असे केले. दाराच्या वर, सात फुटांवर, लिंटेलचा पट्टा आधीच चौफेर फिरविलेला होता. त्याबद्दल मिस्तरींचे कौतुक केले पाहिजे, कारण पुष्कळ ठिकाणी फक्त दारा-खिडकीपुरताच लिंटेल टाकतात. पिलरचे आठ थर उतरविताना शेजारच्या भिंतीला दाते ठेवले. प्रत्येक पिलरच्या मध्यभागी चार सळयांचा पिंजरा उभा केला, त्यात अडीच फूट लांबीचे दोन-दोन बोल्ट. बोल्टाच्या खालच्या टोकाला अँगलचा तुकडा वेल्ड केला, नाहीतर गुळगुळीत सळई काँक्रीटमधून दाव्यासारखी सुटून येते. भोवती विटा लावून मधल्या पोकळीत काँक्रीट भरले. माथ्यावर सहा इंच जाडीचा पट्टा, त्यात १० मिलिमीटरच्या चार सळया आणि दर सहा इंचांवर रिंग. कोपऱ्यावर सळया काटकोनात वळवून दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यात दीड-दोन फूट नेल्या. कोपऱ्यात सळई तोडून नुसती टेकवली तर पट्टा असून नसल्यासारखा.

बोल्ट सरळ आणि मापात राहावे म्हणून कैचीच्या तळपट्टीला जशी भोके आहेत तशीच भोके पाडलेली फळी वरून बसविली. येथे एक घोटाळा उघडकीस आला. कैच्या भिंतीच्या आधी तयार झाल्या होत्या, वेल्डरने कागदावरच्या मापाने केल्या होत्या. आणि आम्ही आतून कर्ण मोजले तेव्हा दोन्हींत दीड इंचाचा फरक निघाला, म्हणजे भिंत तेवढी गुण्यातून गेलेली. फळ्या सरकवून बोल्टांच्या ओळी तरी काटकोनात घेता आल्या. पाया आखतानाच ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण, किंवा मोठा हवा तर ६, ८ आणि १० चा, चारही कोपऱ्यांत लावला असता तर हे झाले नसते. सभासदांनी भिंत पूर्ण झाल्यावर वेल्डरला जागेवर बोलवावे आणि मगच कैचीचे माप द्यावे. आठही पिलरची उंची आम्ही पाणी भरलेल्या नळीने एका पातळीत आणली. डोळ्यांना सरळ दिसणारी भिंत नळीने पाऊण इंच चढ दाखविते, असा माझा अनुभव आहे.

कैचीच्या एका टोकाची भोके गोल ठेवली, दुसऱ्या टोकाची लांबट करून घेतली. आपल्याकडे लोखंड पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी यांत ४० अंशांनी तापले तर २० फुटांत जवळजवळ एक सूत वाढते. दोन्ही टोके गच्च आवळली तर ते सूत भिंतीला ढकलते. आखूड बाजूच्या भिंतींवर विटांचा त्रिकोण चढविला नाही. ती उंच तिकोनी भिंत वाऱ्यात आणि धक्क्यात सगळ्यांत आधी पडते. शेवटच्या दोन्ही कैच्या तेथेच आहेत, त्रिकोण पत्र्याने बंद होईल.

काँक्रीट झाल्यापासून पट्ट्यावर गोणपाट टाकून दिवसातून चार वेळा पाणी चालू आहे. दादा स्वतः पाणी मारतात, पुतण्याला हात लावू देत नाहीत. मी दहा दिवस सांगितले आहेत. उन्हाचा ताव पाहता त्यात कमी करू नये. तोवर भिंतीला परांची टेकवायची नाही, दोर बांधून काही ओढायचे नाही.

कैच्या चढविण्याच्या दिवसाबद्दल एवढेच ठरले आहे. पहिली कैची चढली की दोन्ही बाजूंनी दोराने ताणून धरायची आणि दुसरी चढवून दोन्हींमध्ये पर्लिन व तिरक्या पट्ट्या त्याच दिवशी बसवायच्या. एकटी कैची रात्रभर उभी ठेवायची नाही. रानावरून गेलेली विजेची तार पुतण्याच्या शेडपासून दूर आहे. ज्यांच्या शेताची तशी सोय नसेल त्यांनी २० फुटी लोखंड हातात घेण्यापूर्वी वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन लाईन बंद करून घ्यावी.

वाढीव खर्च सिमेंट, सळई आणि मजुरी धरून झाला, दादांनी तो वहीत वेगळ्या पानावर माझ्या नावाने लिहिला आहे. मी तो देणार आहे.

कैच्या येत्या आठवड्यात चढतील. त्यानंतर पत्रे पडले की बोल्ट, पिंजरा, पट्टा यांतले काही दिसणार नाही. ज्या सभासदांना शेड बांधायची आहे त्यांनी त्याआधी सकाळी अकराच्या आत विष्णुपुरीच्या रानात यावे. मिस्तरी तेथेच असतात आणि आता तेच सगळे समजावून सांगतात.