राखेत रुजलेली द्राक्षवेल

ज्वालामुखी म्हटले की विध्वंसाचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ग्रीसमधील सँटोरिनी बेटावर त्याच विध्वंसाच्या राखेने एका प्राचीन पिकाला अभय दिले आहे. युरोपातील बहुतेक द्राक्षबागा ज्या साथीत उद्ध्वस्त झाल्या, तिची बाधा या बेटाला झालीच नाही. वैद्यकाच्या अभ्यासकाला हे प्रतिकारशक्तीचे उदाहरण वाटेल. मात्र येथे संरक्षण लाभले ते वेलीच्या अंगच्या गुणाने नव्हे, तर तिच्या मुळांभोवतीच्या जमिनीमुळे.

सुमारे 3600 वर्षांपूर्वी एजियन समुद्रातील या बेटावर प्रचंड उद्रेक झाला. बेटाचा मोठा भाग खचून समुद्रात गेला आणि उरलेल्या भूभागावर राख व प्युमिस यांचे जाड थर साचले. प्युमिस म्हणजे असंख्य छिद्रे असलेला, पाण्यावर तरंगण्याइतका हलका दगड. या थरांखाली गाडले गेलेले अक्रोतिरी हे नगर 1967 पासून स्पिरिडॉन मारिनातोस यांनी केलेल्या उत्खननात उजेडात आले.

अशा जमिनीत सेंद्रिय द्रव्ये जवळजवळ नाहीत. पाऊस अल्प, तोही मुख्यतः हिवाळ्यात. वारा मात्र बेफाम. म्हणून येथे वेली मांडवावर चढवीत नाहीत. कोवळ्या फांद्या जमिनीलगत गोलाकार गुंफून त्यांची टोपली विणतात. घड टोपलीच्या आत, पानांच्या सावलीत, वाऱ्यापासून सुरक्षित वाढतात. रात्री समुद्रावरून येणारी आर्द्रता प्युमिस शोषून घेतो आणि वेलीची तहान काही अंशी भागते. जमिनीत पोटॅशियम कमी असल्याने ‘असिर्टिको’ या स्थानिक द्राक्षातील आम्लता कडक उन्हातही टिकून राहते. हीच आम्लता तेथील वाइनची ओळख होय. उन्हात वाळविलेल्या द्राक्षांपासून ‘विन्सांतो’ ही गोड वाइनही केली जाते.

आता त्या साथीविषयी. मावा किडीचा जवळचा नातलग असलेला फायलोक्सेरा हा सूक्ष्म कीटक एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतून युरोपात आला. तो मुळांतील रस शोषतो, जखमांतून बुरशी व जंतू शिरतात आणि वेल वाळून जाते. 1868 मध्ये फ्रान्समध्ये प्लांशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अपराधी ओळखला. अखेर उपाय सापडला तोही अमेरिकेतच: तेथील प्रतिकारक्षम वेलींच्या खुंटावर युरोपीय वाणांचे कलम करणे. आज जगातील बहुतेक वाइन-द्राक्षे अशा परक्या मुळांवर उभी आहेत.

चिकणमाती सुकली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून हा कीटक एका वेलीच्या मुळांवरून दुसरीकडे जातो. सँटोरिनीच्या राखेत चिकणमाती नगण्य असल्याने त्याला वाटच मिळत नाही. आपले दख्खनचे पठारही ज्वालामुखीजन्यच. पण सहा कोटींहून अधिक वर्षांत तेथील बेसॉल्ट झिजून भेगाळणारी काळी माती झाली. नाशिक-सांगलीकडील बागाईतदारही ‘डॉगरिज’ खुंटावर कलमे करतात, मात्र ती प्रामुख्याने क्षार व पाण्याचा ताण सोसण्यासाठी.

सँटोरिनीची वेल मात्र स्वतःच्याच मुळांवर जगते. टोपली जुनी झाली की ती बुंध्याशी छाटतात आणि त्याच मुळातून नवी वेल फुटते. त्यामुळे काही मुळे शतकांहून अधिक जुनी आहेत. रिकाम्या जागी शेजारच्या वेलीची फांदी जमिनीत पुरून दाब कलम करतात.

एवढे असूनही हा वारसा आज सुरक्षित नाही. 1956 च्या भूकंपानंतर अनेक कुटुंबे बेट सोडून गेली. पुढे पर्यटन वाढले, तशी बागांची जमीन हॉटेलांखाली जाऊ लागली. टोपल्या विणण्याचे काम जमिनीशी वाकून हातानेच करावे लागते. त्यासाठी माणसे मिळत नाहीत. 2023 आणि 2024 या वर्षांत उष्णता व अवर्षणाने उत्पन्न कमालीचे घटले. ठिबक सिंचन व तारांवरील लागवडीचे प्रयोग होत आहेत. पण त्यांत टोपलीची परंपरा किती उरेल, हा प्रश्नच आहे.

मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे; तेव्हा हा लेख प्याल्याच्या गौरवासाठी नाही. एका किडीपासून राखेने वेलीला वाचविले. तहान आणि माणसांची पाठ फिरणे यांपासून तिला वाचविणे मात्र माणसांच्याच हाती आहे.