मांस शिजते तेव्हा : हाडासकट अख्खा लेग पीस

कोंबडीच्या अख्ख्या लेग पीसमध्ये वरची मांडी आणि खालची तंगडी हे दोन्ही भाग सांध्याला जोडलेले असतात. पक्षी दिवसभर पायांवर उभा असल्याने या स्नायूंना सतत प्राणवायू लागतो. तो धरून ठेवणारे मायोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य इथे जास्त असते, म्हणून हे मांस छातीपेक्षा गडद दिसते. त्यात चरबीही अधिक असते आणि कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जाळेही दाट असते.

हे मांस खाण्यास सुरक्षित होणे आणि मऊ होणे हे दोन वेगळे टप्पे आहेत. आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की घातक जिवाणू मरतात. छातीचे मांस तेवढ्यावर उतरवावे, नाहीतर ते कोरडे पडते. लेग पीस मात्र त्या वेळी अजून रबरासारखा लागतो. कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन व्हायला वेळ आणि उष्णता दोन्ही लागतात. त्यामुळे आतले तापमान ८० ते ८५ अंशांपर्यंत नेऊन काही वेळ तिथे राहू द्यावे लागते. सुटलेले जिलेटिन आणि चरबी यांमुळे मांस रसदार राहते.

तयारीत लेग पीस नळाखाली धुणे टाळावे. उडालेल्या थेंबांबरोबर जिवाणू ओट्यावर पसरतात. मांडीच्या जाड भागावर हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्याव्यात. मीठ हळूहळू आत झिरपते, पण हळद, तिखट, आले-लसूण बहुतेक पृष्ठभागावरच राहतात. चिरांमुळे त्यांना आत जागा मिळते. एक किलो मांसाला १० ते १२ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन छोटे चमचे मीठ पुरते. दही लावल्यास ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता येते. लिंबाचा किंवा व्हिनेगरचा जोर जास्त असेल तर मात्र इतका वेळ ठेवू नये, वरचा थर पिठूळ होतो.

कढईत करताना आधी तेलावर दोन्ही बाजू खमंग परतून घ्याव्यात, मग आच मंद करावी. झाकणाच्या ताटात पाणी ठेवण्याची घरोघरची पद्धत इथे नेमकी उपयोगी पडते. त्या पाण्यामुळे ताटाचा तळ गार राहतो, वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत कढईत पडते. मसाला करपत नाही. रस्सा वाढवायचा असेल तर ताटातलेच गरम पाणी घालावे, म्हणजे उकळी मोडत नाही. ब्रॉयलरला असे ३५ ते ४० मिनिटे लागतात. गावरान कोंबडी वयाने मोठी असल्याने तिचे कोलॅजेन पक्के झालेले असते. तिला बराच जास्त वेळ द्यावा लागतो किंवा कुकर लावावा लागतो. ओव्हनमध्ये २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे पुरतात. कातडी काढलेली असेल तर मधून मधून तेल किंवा तूप लावावे.

तपासताना थर्मामीटरचे टोक मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावे. तंगडीच्या टोकाकडचे मांस आक्रसून हाड उघडे पडणे आणि सांधा सहज फिरणे या मऊपणाच्या खुणा आहेत. रंगावर मात्र विसंबू नये. ब्रॉयलरची हाडे कोवळी व सच्छिद्र असतात. त्यांतील मज्जेचा रंग बाहेर झिरपल्याने पूर्ण शिजलेले मांसही हाडाजवळ लालसर दिसू शकते.

आचेवरून उतरवल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून वाढावे. उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि पुन्हा खाताना वाफ येईपर्यंत गरम करावे.