पाचशे पावरची गोळी

उचगावच्या कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहिलं, की ‘पाचशे पावरची द्या’ हे कानावर पडतंच. आकडा मोठा तितकी गोळी जालीम, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे. तो आकडा फक्त गोळीतल्या औषधाचं वजन सांगतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅमची, रक्तदाबाची ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची. थायरॉईडची थायरॉक्सिन तर 50 मायक्रोग्रॅमची, म्हणजे त्या मेटफॉर्मिनच्या दहा हजारावा हिस्सा. तरी तिचा डोस जास्त झाला तर छाती धडधडते, वजन उतरतं. आकड्यांची तुलना करायची ती एकाच औषधाच्या दोन गोळ्यांत.

दुसरा गैरसमज याहून धोक्याचा: नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल ही कंपन्यांनी दिलेली नावं. पट्टी उलटी करून वाचा, ‘पॅरासिटामॉल टॅब्लेट्स आय. पी.’ असं छापलेलं दिसेल. आय. पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांचा दर्जा ठरवणारा अधिकृत ग्रंथ. आता हिशेब करा. अंगात ताप म्हणून 650 ची गोळी दिवसातून चार वेळा घेतली, तर झाले 2600. त्यावर सर्दीची गोळी चार वेळा. तिच्यातही पुष्कळदा 500 पॅरासिटामॉल असतं. बेरीज 4600. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम आहे, आणि रोज दारू पिणाऱ्याची त्याहून बरीच कमी. जादा मात्रेचा मार थेट यकृतावर बसतो.

पॅरासिटामॉलसारखी औषधांची मूळ नावं कुणी मनाला येतील तशी ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा नावांची पहिली यादी 1953 मध्ये काढली. नावाचं शेपूट औषधाचं कुळ सांगतं. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही ‘प्रिल’वाली रक्तदाबाची औषधं, ती काही जणांना कोरडा खोकला लावतात. मग रुग्ण महिनोन्‌महिने खोकल्याच्या बाटल्या रिचवत बसतो आणि खोकल्याचं मूळ सकाळच्या गोळीत असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन या ‘सार्टन’ कुळात ही तक्रार क्वचितच. ॲटेनोलॉलसारख्या ‘लोल’ कुळातल्या गोळ्या दम्याच्या रुग्णाचा दम वाढवू शकतात. हे डॉक्टरांना माहीत असतं. आपल्याला दमा आहे हे त्यांना माहीत असेलच असं नाही.

मूळ नावानं विकलं जाणारं जेनेरिक औषध म्हणजे हलका माल, हेही खरं नाही. औषध तेच, मात्रा तीच. ब्रँडच्या किमतीत जाहिरातीचा खर्चही असतो. फक्त फिट्सच्या गोळ्यांची कंपनी स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जा की गल्लीतल्या दवाखान्यात, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. ‘लाल गोळी, छोटी पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुणालाच औषध ओळखता येत नाही.