आठाचे नऊ कसे होतात?

गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत किंवा ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवणारा दादा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. त्याच्यासमोर सुटकेससारखं एक काळं खोकं असतं. त्यावर रबराचे आठ चौकोन, चार वर आणि चार खाली. एका चौकोनावर काठी पडली की ढोलकी, दुसऱ्यावर झांज, तिसऱ्यावर घुंगरू! पण नीट पाहिलंत तर कधी कधी आणखी एक गंमत दिसेल. खोक्याच्या मागून एक वायर निघून जमिनीवर जाते. तिथं एक पेडल असतं. दादाचा पाय खाली गेला की 'धम्म'! हात आठ चौकोनांवर नाचतायत आणि पाय नववा पॅड वाजवतोय.

हा नववा पॅड आला कुठून? नुसती पिन खुपसली की झालं काम? नाही दोस्तांनो, इतकं सोपं नाही बरं का! समजा, तुमच्या वाडीतल्या मुलांनी वर्गणी काढून एक जुना ऑक्टापॅड घेतला. आता त्याला पायाचा एक ढोल हवाय आणि खिशात पैसे आहेत एकाच पॅडपुरते. चुकीचा पॅड आणला तर पैसे पाण्यात! म्हणून दुकानात जाण्यापूर्वी या पॅडच्या पोटात काय चालतं, ते समजून घेऊ.

पॅड मुका असतो!

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे बाहेरून जोडायचा पॅड स्वतः वाजत नाही. तो मुका असतो. त्याच्यावर काठी मारली तर फक्त रबराची 'थप' ऐकू येते. ढोलकीचा, झांजेचा, घंटेचा आवाज असतो तो मुख्य खोक्यात. पॅड फक्त वायरीतून निरोप पाठवतो, ''मला आत्ता मारलं, आणि एवढ्या जोरात मारलं!'' तो निरोप ऐकून कोणता आवाज काढायचा, हे खोकं ठरवतं. म्हणूनच एकच पॅड सकाळी ढोलकी होतो आणि संध्याकाळी ताशा.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली आणलेला पहिला ऑक्टापॅड तर अख्खाच मुका होता. आठ पॅड, पण पोटात एकही आवाज नाही! तो दुसऱ्या यंत्राला निरोप पाठवायचा आणि वाजायचं ते दुसरं यंत्र. आवाज पोटात घेऊन आले ते त्याचे पुढचे भाऊ. 'ऑक्टा' म्हणजे आठ. आपल्याकडे हे नाव इतकं रुळलं की कुठल्याही कंपनीच्या अशा वाद्याला लोक ऑक्टापॅडच म्हणतात.

लायटर आणि क्युरी बंधू

पण रबराच्या तुकड्याला 'मला मारलं' हे कळतं कसं? याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. गॅस पेटवायचा लायटर आठवा. त्याला ना सेल लागतो, ना काडी. मागचं बटण दाबलं की 'टक्' होतं आणि ठिणगी पडते. ही वीज आली कुठून? लायटरच्या आत एका खास पदार्थाचा छोटासा तुकडा असतो. बटण दाबलं की आतली स्प्रिंग सुटते, एक इवलासा हातोडा त्या तुकड्यावर आपटतो आणि त्या दणक्यातूनच वीज तयार होते!

काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे १८८० साली फ्रान्समधल्या दोन भावांनी दाखवून दिलं. त्यांची नावं झाक आणि पिएर क्युरी. हो, हेच ते पिएर क्युरी, ज्यांचं पुढे मेरी क्युरींशी लग्न झालं. या गुणाला 'पियेझो' असं नाव पडलं. ग्रीक भाषेतल्या 'दाबणे' या अर्थाच्या शब्दावरून ते आलंय.

बाहेरून जोडायच्या बहुतेक पॅडमध्ये रबराखाली अशीच एक पियेझो चकती चिकटवलेली असते. पितळेची पातळ गोल पत्री आणि तिच्यावर पांढरट पदार्थाचा थर. आकार साधारण जुन्या मोठ्या नाण्याएवढा. काठी पडली की चकती थरथरते आणि विजेचा एक झटका वायरीतून खोक्याकडे धावतो. हळू मारलं तर झटका लहान, जोरात मारलं तर मोठा. म्हणजे निरोप आणि निरोपाचा जोर, दोन्ही एकदमच पोचतात!

निरोपाची भाषा

खोक्याला झटका मिळाला की ते त्याचे आकडे करतं. आकड्यांच्या या भाषेला 'मिडी' म्हणतात. ही भाषा १९८३ साली सुरू झाली. त्याआधी एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी सहज बोलू शकत नसे. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांनी सगळ्यांसाठी एकच भाषा असावी म्हणून पुढाकार घेतला. त्याबद्दल २०१३ साली दोघांना तांत्रिक कामाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मिडीमध्ये एका ठोक्याचे तीन आकडे असतात. पहिला सांगतो, 'कुणीतरी वाजवलं'. दुसरा सांगतो, 'काय वाजवलं'. तिसरा सांगतो, 'किती जोरात'. जोराचा आकडा जास्तीत जास्त १२७ असतो. १९९१ साली आवाजांचे क्रमांकही ठरवले गेले. त्यात ३६ म्हणजे पायाचा मोठा ढोल, ३८ म्हणजे स्नेअर आणि ४२ म्हणजे मिटलेली हाय-हॅट झांज. म्हणजे पायाचा पॅड जोरात वाजला तर निरोप साधारण असा जातो, '३६, जोर ११०'.

थोडं गणित करू या? मिडीच्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० ठिपके, म्हणजे बिट, जातात. एका आकड्याला १० बिट लागतात, तीन आकड्यांना ३०. आता ३० ला ३१,२५० ने भागा. उत्तर येतं सेकंदाचा जवळजवळ हजारावा भाग! डोळ्याची पापणी लवायच्या आत असे शंभर निरोप सहज पोचतील.

खोक्याला कान किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नवा पॅड घेण्यापूर्वी आधी खोक्याची मागची बाजू पाहा. तिथं इंग्रजीत 'ट्रिगर इन' असं लिहिलेली भोकं आहेत का, ते मोजा. हे खोक्याचे कान! जितके रिकामे कान, तितके पॅड सरळ जोडता येतात. भोक नसेल तर कितीही महागाचा पॅड आणा, तो बिचारा बोलणार कुणाशी?

इथं एक फसगत होते. हेडफोनचं किंवा स्पीकरचं भोकही बऱ्याचदा याच आकाराचं असतं आणि पॅडची पिन तिथंही आरामात बसते. म्हणून भोकावरचं नाव वाचल्याशिवाय पिन घालू नका. घालताना खोकं बंद ठेवा आणि आवाजाचं बटण शून्यावर.

कान कमी पडले तर? दोन वाटा आहेत. काही पॅड दुभागी असतात, म्हणजे मध्ये मारलं तर एक आवाज आणि कडेवर मारलं तर दुसरा. अशा पॅडचा कान एकाच वेळी दोन निरोप ऐकू शकतो. तिथं एका वायरीच्या दोन होणारी, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी वायर लावली की काही यंत्रांवर दोन साधे पॅड बसतात. पण हे प्रत्येक यंत्रावर चालत नाही. आधी यंत्रासोबतची माहितीपुस्तिका उघडा. दुसरी वाट म्हणजे झटक्यांचे मिडीत भाषांतर करणारी वेगळी डबी. खोक्याला 'मिडी इन' असेल तर ती डबी मध्ये बसवून आणखी पॅड वाढवता येतात.

आणि हो, एका कंपनीचा पॅड दुसऱ्या कंपनीच्या खोक्यावर चालेलच असं नाही. साधा, एका भागाचा पॅड बहुधा जमवून घेतो. दुभागी पॅड आणि हाय-हॅटचं पेडल मात्र हट्टी असतात. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी दुकानातच, आपल्या किंवा तसल्याच खोक्याला जोडून वाजवून पाहावं. हा आग्रह धरायला लाजू नका!

खोटे निरोप

पॅड जोडला, वाजलाही. पण खरी परीक्षा इथूनच पुढे सुरू होते. तुम्ही डावा पॅड जोरात मारता आणि उजवा आपोआप वाजतो. भूत शिरलं की काय? छे! दोन्ही पॅड एकाच लोखंडी स्टँडवर आहेत. एकाला दिलेला दणका नळीतून दुसऱ्यापर्यंत जातो, त्याची चकती थरथरते आणि तीही ओरडते, ''मला मारलं!'' हा झाला खोटा निरोप.

दुसरा प्रकार म्हणजे एकदा मारलं आणि दोनदा वाजलं. ठोक्यानंतरही चकती क्षणभर थरथरत राहते आणि खोक्याला तो दुसरा ठोका वाटतो.

खोटे निरोप पकडायची एक युक्ती आहे. नव्या पॅडला घंटेचा टणटणीत आवाज द्या. मग बाकीचे पॅड एकेक करून सगळा जोर लावून वाजवा. मध्येच 'टण्ण' झालं की चोर सापडला!

आता उपाय. सगळ्यात आधी बटणांना हात न लावता थरथर अडवा. नवा पॅड वेगळ्या स्टँडवर लावा, क्लँपमध्ये रबराचा तुकडा घाला. तरी भागलं नाही तर खोक्यातला 'थ्रेशोल्ड' वाढवा. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. उंबरठ्यापेक्षा लहान झटका आत येऊ द्यायचा नाही. दोनदा वाजत असेल तर 'मास्क' वाढवा. मग एक ठोका ऐकल्यावर खोकं सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा वेळ त्या कानावर हात ठेवतं.

पण सांभाळून हं! उंबरठा फार उंच केला तर खोट्या निरोपांबरोबर खरे हळुवार ठोकेही बाहेरच अडतात. ढोलकीची गंमत असते ती मोठ्या ठोक्यांमधल्या बारीक, जेमतेम ऐकू येणाऱ्या बोलांत. तेच गेले तर उरतो नुसता दणदणाट. म्हणून उंबरठा एकेक पायरी चढवायचा. चोर थांबला की तिथंच थांबायचं, आणि मग अगदी हळू वाजवून पाहायचं की हळू ठोका अजून येतोय ना?

करून पाहा

ऑक्टापॅड नसला तरी हा प्रयोग घरी करता येईल.

साहित्य : वायरी जोडलेली ३५ मिलिमीटरची पियेझो चकती आणि एक लाल एलईडी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा तुमच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन्ही मिळतात.

कृती : एलईडीचा एक पाय चकतीच्या एका वायरीला आणि दुसरा दुसऱ्या वायरीला पीळ देऊन जोडा. चकती घडी घातलेल्या कापडावर ठेवा. खोलीत अंधार करा आणि पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने चकतीवर टकटक करा. सेल नसतानाही एलईडी क्षणभर मिणमिणेल! आता हळू मारा, मग थोडं जोरात. उजेडातला फरक दिसला? पॅडला हाच फरक कळतो.

खबरदारी : चकतीवर हातोडी किंवा खिळा मारू नका, तिचा थर तडकतो. भिंतीतल्या विजेच्या प्लगशी या वायरींचा संबंध येऊ देऊ नका. पुढे स्वतःचा पॅड बनवायचा असेल तर प्लायवूडचा तुकडा, चकती, वर स्पंज आणि रबर एवढं पुरतं. पण डाग द्यायची कामं मोठ्यांना सोबत घेऊनच करा.

आईबाबांसाठी दोन शब्द

पायाचा पॅड हेडफोन लावून वाजवला तरी त्याची धपधप जमिनीतून खालच्या घरात जाते. त्याखाली जाड सतरंजी आणि रबरी मॅट घाला, शेजारधर्म टिकेल. हेडफोनचा आवाजही बेताचाच ठेवा. कान एकदाच मिळतात.

आणि मुलांनो, एकदम चार पॅड घ्यायची घाई करू नका. आधी एकच घ्या आणि तो बहुधा पायाचाच असावा, कारण हात आठ पॅडांमध्ये अडकलेले असताना पायच काय तो रिकामा असतो. पहिले आठ-दहा दिवस हात आणि पाय एकमेकांशी भांडतील. हात थांबला की पायही थांबेल. तेव्हा सगळ्यात सोपा ताल घ्या, तोंडाने 'एक, दोन, तीन, चार' म्हणा आणि पाय फक्त एकवर टाका. पायाला एकटं चालता यायला लागलं, की समजा आठाचे नऊ झाले!